अठरा पावलांवरचा दगड

आमच्या कामात एखादा जुना दगड जागेवरून उचलून संस्थेत आणला की तो वाचवला असं म्हणतात. मीही म्हणत असे. आता कुणी तसं म्हटलं की मी विचारते, कुठून उचलला, कुणाला विचारून, आणि तो तिथे काय काम करत होता? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो. उभा दगड काही काम करत असतो, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

मी एका लहान पुरातत्त्व संस्थेत रेखाटनं करायची. खापरं, मूर्ती, शिलालेख, जे येईल ते मोजून मापात कागदावर उतरवायचं. ऐंशी सालानंतर उपनगरांत इमारतींचं पेव फुटलं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि तिकडे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत भाताच्या खाचरांत पाया खणले जात होते. जुने दगड भरावात जात होते, नाहीतर फुटून खडी होत होते. म्हणून आमच्या संचालकांनी उपनगरातल्या दगडांची पाहणी काढली. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. माणसं तीन. सर म्हणजे संचालक, एक फोटोग्राफर आणि मी. घाटकोपरहून मी बसनं यायची, ते दोघं संस्थेच्या भाड्याच्या टेम्पोतून.

अंधेरीच्या पूर्वेला टेकडीखाली एक जुनं गावठाण आहे. वस्ती ख्रिस्ती, बोली मराठी, धंदा भाताचा आणि भाजीचा. तिथे एका विधवा बाईंच्या वाडीच्या कडेला आम्हाला गधेगाळ सापडला. गधेगाळ म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वी कुणी जमीन दान दिली की त्या जमिनीत रोवायचे तो दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली एक गाढव आणि एक बाई. ही जमीन जो हिरावेल त्याच्या आईवरून दिलेली ती शिवी आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावी म्हणून कोरलेली.

सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुम्ही लेखापर्यंतच काढा. खालच्या भागाचा आपण फोटो घेऊ."

वाडीची मालकीण मुळ्याच्या जुड्या बांधत बसली होती. साठी उलटलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं, हात कोपरापर्यंत मातीचे. तिनं मान वर केली. "माज्या सासूनं तेच्यावर जलमभर लुगडी वाळवली. तिला नाय लाज वाटली. या बाप्याला कशाची वाटते?"

मी हसले आणि गाढवासकट सगळा दगड काढला. तिला मी मावशी म्हणू लागले ती त्या दिवसापासून.

दिवसभर उन्हात बसून मी एकेक अक्षर मोजलं. अक्षराची उंची, कोरीव कामाची खोली, चंद्राच्या कोरीची जाडी, सगळं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. फोटोग्राफरनं दगडामागे पांढरी चादर ताणून धरायला लावली. मागचा कचरा फोटोत येऊ नये म्हणून ही आमच्यातली पद्धत आहे. कचरा म्हणजे विहीर, माड, कुंपण, रस्ता. थोडक्यात, तो दगड कुठे उभा आहे हे ज्यावरून कळलं असतं ते सगळं.

दुपारी चारला पहारी घालून दगड उपटला. बाजूच्या जमिनीचा सौदा चालू होता, बिल्डरची माणसं दगड फोडतील, असं सरांचं म्हणणं. भीती खोटी नव्हती. पण मावशीनं विचारलं, "परत कवा आणताव?" तेव्हा सर म्हणाले, "आणू ना, मावशी. आमच्याकडे नीट राहील." तिची एका कागदावर सही घेतली. ती चर्चच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, सही ठसठशीत करायची. तिनंही आमच्याकडे चिठ्ठी मागितली. सर म्हणाले, संस्थेचं नाव पुरेसं आहे.

मग मला वहीत जागा नोंदवायची होती. टेप टेम्पोत सगळ्यात खाली गेलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सर घड्याळ बघतायत. मी विहिरीपासून खड्ड्यापर्यंत चालत गेले आणि लिहिलं, "विहिरीच्या पश्चिमेस सुमारे अठरा पावले." टेम्पो सुटला.

सरांना नंतर खूप बोल लावले, पण चालले मी आणि लिहिलं मी. ते आधीच सांगून टाकते.

दोनेक वर्षं गेली. एका सकाळी मावशी संस्थेच्या दारात उभी. पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. आजेसासऱ्याच्या वाटणीचा. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात वाडीची पश्चिमेची हद्द एका ओळीत दिली होती: लिहिलेल्या धोंड्यापासून ओढ्याच्या मोरीपर्यंत सरळ.

"लिवलेला धोंडा म्हंजे तुमी नेलाव तो," मावशी म्हणाली.

शेजारची जमीन बिल्डरनं घेतली होती. त्याचं म्हणणं, हद्द विहिरीच्या अलीकडून जाते, म्हणजे विहीर त्याची. तारेचं कुंपणही त्यानं तिथूनच टाकायला घेतलं होतं. मावशीचा मुळा, माठ, वांगी सगळी त्या एका विहिरीवर. गावठाणात नळ दिवसातून तासभर यायचा, त्यात भाजी पिकत नाही. विहीर गेली की वाडी गेली, आणि वाडी गेली की तीही विकायला लागणार, हे बिल्डरला तिच्याइतकंच ठाऊक होतं. सरकारी मोजणी पुढच्या मंगळवारी ठरली होती. मोजणीवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, कागदात धोंडा आहे तर धोंडा दाखवा.

"तर द्या माजा धोंडा," ती म्हणाली. "नाय तर तो कुटं व्हता ते लिवून द्या."

मी नोंदवही काढली. आमचा गधेगाळ सापडला. स्थळ: अंधेरी परिसर. प्रकार: सप्रेम भेट.

सप्रेम भेट! तिची सही घेतली होती ती यासाठी. अंधेरी परिसर म्हणजे जुहूच्या वाळूपासून पवईच्या तळ्यापर्यंत काहीही. मग त्या दिवसाचे फोटो कपाटातून बाहेर काढले. सगळ्या फोटोंत आमची पांढरीशुभ्र चादर. आता एकच उरलं, माझी त्या दिवसाची वही. आणि आमच्याकडे पाहणीच्या वह्या संचालकांच्या घरी, त्यांच्या कपाटात असतात. अहवाल छापून होईपर्यंत त्या कुणाला दाखवत नाहीत. दुसऱ्या कुणी आधी लेख वाचून छापू नये म्हणून. ही चाल एकट्या सरांची नव्हती, त्यांच्या गुरूंचीही हीच होती. गुरू अहवाल न लिहिता वारले आणि त्यांच्या वह्या घरच्यांनी रद्दीत घातल्या, हे सर स्वतःच हळहळून सांगायचे. सांगायचे आणि स्वतःच्या कपाटाला कुलूप लावायचे.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"बाई, अहवाल येईपर्यंत वही बाहेर जाणार नाही."

"अहवाल कधी येणार, सर?"

"संशोधनाला घाई चालत नाही."

"मोजणी मंगळवारी आहे."

"आपण लोकांच्या भांडणात पडायचं नसतं. आपलं काम शास्त्राचं."

"शास्त्रानं तिची हद्द उपटून आणली, सर. भांडण त्यानंतर लागलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि एक लक्षात ठेवा. संस्थेतल्या कुणीही कुठल्याही सरकारी कागदावर सही करायची नाही. तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे."

ही धमकी इतक्या सौम्य आवाजात होती की मला कळायला जिना उतरेपर्यंत वेळ लागला.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दूरदर्शनवर मालिका चालू होती, शेजारपाजारचे लोक हॉलमध्ये दाटीवाटीनं बसले होते. लोकांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. कपाट उघडून त्यांनी वही दिली आणि बजावलं, "इथेच बघा. न्यायची नाही." मी खिडकीशी उभी राहून वाचलं. चार पानं अक्षरांची. अर्धा मिलिमीटर, पाऊण मिलिमीटर, सूर्याचे किरण किती, गाढवाचा कान मोडलेला आहे. आणि शेवटी, पानाच्या तळाला, अर्धी ओळ. सुमारे अठरा पावले.

ती अर्धी ओळ माझ्या अक्षरात होती. दोन दिवस ज्या माणसाला मनातून शिव्या घालत होते त्याच्याच हॉलमध्ये उभी राहून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पुरातत्त्वातली पहिली शिकवण हीच आहे की वस्तूपेक्षा तिची जागा मोठी. आम्ही ती व्याख्यानांत सांगतो, टाळ्या घेतो, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला की पावलं मोजतो.

बरं, रडून विहीर वाचत नव्हती. घरी येताना बसमध्ये मी नीट विचार केला. सात-आठशे वर्षं एका जागी उभा असलेला दगड उपटला तरी जमीन त्याला विसरत नाही. रोवताना भोवती दगडाच्या चिपा ठोकलेल्या असतात, चुना घातलेला असतो. दगड गेला, खड्डा बुजला, वर वांगी लावली, तरी खाली त्या चिपांचं कडं राहतं आणि आतली नवी माती भोवतीच्या मातीहून मऊ आणि काळी असते. हे शोधायला आम्हाला शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी संस्थेच्या आवारात गेले, आडव्या टाकलेल्या गधेगाळाचा तळ मोजला, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून अंधेरीला निघाले.

मी खड्ड्याचं सांगताच मावशी टिकाव घेऊन आली. खड्ड्यावर दोन वर्षं नांगर फिरलेला, नेमकी जागा तिलाही सांगता येईना, म्हणून मी विहिरीच्या कठड्याला पाठ लावून पश्चिमेला अठरा पावलं चालले. आम्ही दोन हात लांब, हातभर रुंद चर खणला. गुडघाभर खाली गेलो. लाल मुरूम लागला, एकसारखा, कुणी कधी न हलवलेला. काही नाही.

"तुजी पावला तवा लांब व्हती, बाय," मावशी धापा टाकत म्हणाली. "आता म्हातारी झालीस."

कुंपणाच्या खांबांपाशी उभा राहून बिल्डरचा मुकादम बघत होता. "काय चाललंय, मावशी?"

"वांगी लावाची हायत."

"एवढ्या खोल?"

"मोठी वांगी हायत, रे. तुज्या शेठला पण देईन, जा."

मुकादम गेला नाही, विडी पेटवून तिथेच उकिडवा बसला. मी चर सोडून पुन्हा विहिरीपाशी गेले. त्या दिवशी मी कशी चालले होते? खांद्यावर रेखाटनाचा फळा, हातात छत्री, मागे हॉर्न. माणूस घाईत लांब पावलं टाकतो असं वाटतं, पण ओझं घेऊन, नांगरलेल्या जमिनीत, पाचवारी नेसून? पावलं आखूडच पडली असणार. मी स्वयंपाकघरातला पाट खांद्यावर घेऊन पुन्हा चालले. मावशी पोट धरून हसली. अठरावं पाऊल चराच्या दोन हात अलीकडे पडलं.

तिथे खणलं. वीतभर खाली टिकावाचा आवाज बदलला. मी टिकाव बाजूला ठेवला, खुरपं घेतलं, मग हातानं माती काढली. एक चीप, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, उभ्या ठोकलेल्या, मध्ये चुन्याचे पांढरे कण. आणि त्या कड्याच्या आत मऊ काळी माती, मुठीत धरली की ओलसर. ती उपसल्यावर खाली चौकोनी ठसा उरला. तळाचं माप कागदावर होतंच. लांबी जुळली, रुंदी जुळली. मावशी तिथेच मातीत बसली आणि तिनं छातीवर क्रूस केला. मला मात्र आनंद वगैरे झाला नाही. हे काम दोन वर्षांपूर्वी टेप लावून दहा मिनिटांत झालं असतं, हाच विचार डोक्यात ठणकत होता.

पोलादी टेप काढली. खड्ड्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत, खड्ड्यापासून वाटेवरच्या क्रूसाच्या चौथऱ्यापर्यंत. दोन पक्क्या जागांपासून दोन मापं. खाली कार्बन घालून नकाशा काढला, एक प्रत मावशीला, एक मला.

मंगळवारी मोजणीचे साहेब आले. तरुण, घाटावरचे, डोक्याला टोपी. बिल्डरचा माणूस फाइल घेऊन हजर. तो हसत म्हणाला, "साहेब, खड्डा काय, कुणीपण खणतं. हा दगड हिनं दान दिलाय. संस्थेच्या रजिस्टरला तसं लिहिलंय. हद्दीचा दगड कोण दान देतं?"

म्हणजे आमच्या नोंदवहीतली ती ओळ त्याच्यापर्यंत पोचली होती. कशी, ते मला कधी कळलं नाही.

साहेब खड्ड्याशी बसले, आत हात घातला, चिपा चाचपल्या, दोन्हीकडची माती दोन तळव्यांवर घेऊन कुस्करली. मी सांगायला लागले, आधीची भर, नंतरची भर, तळाचं माप. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"कळलं ताई. आमच्या गावाकडं भावकीतल्या कुणी बांधाचा दगड सरकवला, तर म्हातारी माणसं असाच शोधतात." मग उठून त्यांनी हात झटकले. "पण मला लिहायला माणूस पाहिजे. दगड इथून कुणी काढला, कधी काढला, हा खड्डा त्याचाच, असं सही करून कोण देतं?"

मावशी माझ्याकडे बघत होती. बिल्डरचा माणूसही. मला सर आठवले, चष्मा पुसताना. माझी नेमणूक मार्चअखेर संपत होती. घरी सासरे अंथरुणाला, नवऱ्याची गिरणी संपानंतर बंद पडलेली. कुणी म्हणेल की अशा वेळी माणूस क्षणभर थांबतो. मी थांबले नाही, आणि त्यात मोठेपणा काही नाही. मी इतकी भडकले होते की पेन कागदातून आरपार गेलं. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि खाली लिहिलं की दगड दान दिलेला नसून परत करण्याच्या बोलीवर नेला आहे, त्या वेळी मी हजर होते.

मोजणीची साखळी खड्ड्यापासून मोरीपर्यंत ताणली. विहीर रेषेच्या आत, चांगली वीस हात आत. मुकादम आणि दोन मजूर त्याच संध्याकाळी तारेचे खांब उपटायला लागले.

सरांना दोन दिवसांत कळलं. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुम्ही संस्थेच्या नावाला काळं फासलंत."

"मी संस्थेच्या वतीनं सही केलेली नाही, सर. दगड उपटणाऱ्यांपैकी एक म्हणून केली आहे."

मग मी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. घरी बसून तयार केलेला, एका पानाचा. दगड हलवण्याआधी भरायचा. दोन पक्क्या जागांपासून टेपनं घेतलेली मापं, एक फोटो चादरीशिवाय, लांबून. गावातले लोक त्या दगडाला काय म्हणतात आणि त्याचा काय उपयोग करतात, त्यासाठी रिकामी जागा. दान की उसना, हे मालकाच्या हातानं लिहिलेलं. कार्बन प्रत मालकाकडे आणि वही संस्थेच्या कपाटात, घरच्या नाही. सरांनी तो वाचला. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांची मान लाल झाली. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "इतकं करत बसलो तर दगड वाचवायचे कधी?"

मार्चनंतर माझी नेमणूक झाली नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या भागांची रेखाटनं करते. तिथे एक भोक एका केसानं चुकलं तर साहेब आरडाओरडा करतो आणि मला ते फार बरं वाटतं. रविवारी कुठे पाहणी असली आणि कुणी बोलावलं तर जाते. माझी एकच अट असते, तो एक पानाचा कागद भरायचा. दोन ठिकाणी त्यावरून मला पुन्हा बोलावलं नाही. एका महाविद्यालयातल्या तरुण बाईंनी मात्र तो सायक्लोस्टाइल करून घेतला आहे.

गधेगाळ अजून संस्थेच्या आवारात आडवा पडून आहे. सरांचा अहवाल आलेला नाही. मावशीच्या नावानं मी दर तीन महिन्यांनी दगड परत मागणारा अर्ज टाइप करते, ती सही करते, आणि आम्ही दोघी तो हातोहात देऊन पोच घेतो. मागच्या खेपेला तिथला कारकून कुरकुरला, "मावशी, तोच अर्ज किती वेळा आणणार?"

"तुमी धोंडा देईपरेन," ती म्हणाली, आणि पोचेवर शिक्का नीट उठला नव्हता म्हणून तिनं त्याला तो पुन्हा मारायला लावला.